सांगितलं की गुण जातो?

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, कंपनीचा किराणा माल दुकानांना पोचवणाऱ्या एजन्सीच्या गोदामात सेल्समनची मीटिंग असते. साबणाच्या पेट्यांवर मुलं बसलेली, कंपनीचे साहेब खुर्चीवर. गेल्या महिन्यात ज्याचं टार्गेट सगळ्यांच्या आधी पूर्ण झालं त्याला उभं करतात आणि म्हणतात, "बाकीच्यांना सांग, तू हे कसं केलंस." तो मुलगा शर्ट खाली ओढतो आणि म्हणतो, "विशेष काही नाही सर. रोज वेळेत लाइनवर गेलो, प्रत्येक काउंटरला सगळी रेंज दाखवली." टाळ्या होतात. साहेब डायरीत लिहून घेतात. मुलं बाहेर येऊन चहा पितात आणि आपापल्या लाइनला, म्हणजे ठरवून दिलेल्या दुकानांच्या फेरीला लागतात.

त्या मुलाने काहीही सांगितलेलं नसतं, हे साहेबांना माहीत असतं आणि पेट्यांवर बसलेल्यांनाही. वेळेत सगळेच जातात. रेंज सगळेच दाखवतात. त्याचा आकडा का वाढला याचं खरं उत्तर त्याच्या डोक्यात असतं आणि ते तो तिथेच ठेवतो. मी त्याला दोष देत नाही. अशा मीटिंगमध्ये मीही उभा राहिलो आहे आणि हेच बोललो आहे. किराणा मालाच्या वितरणात माझी २१ वर्षं गेली. पहिली ९ सेल्समन म्हणून मोटारसायकलवर, आणि आता एका एजन्सीतली १५ जणांची टीम मी सांभाळतो. विक्रीच्या माणसांनी आपल्याजवळची माहिती एकमेकांना द्यावी, असं प्रत्येक कंपनी म्हणते. ती का दिली जात नाही, याचं कारण मात्र माणसांच्या स्वभावात शोधलं जातं. माझ्या मते ते कारण टार्गेटच्या कागदात आहे, आणि तो कागद बदलत नाही तोवर सेल्समनकडे त्याचं ज्ञान मागण्याचा हक्क कुणालाही पोचत नाही.

ही माहिती म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगायला हवं. बाहेरच्या माणसाला वाटतं, गोड बोलण्यापलीकडे सेल्समनजवळ असतं तरी काय! मी नवा होतो तेव्हा लोणंद-फलटणकडच्या लाइनवर एका जुन्या सेल्समनच्या मागे बसून १५ दिवस फिरलो. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. सकाळी बाजारपेठेत शिरल्यावर पहिली तीन दुकानं सोडून अण्णा चौथ्या दुकानासमोर गाडी लावायचे. मला वाटलं, ओळख असेल. चार-पाच दिवसांनी लक्षात आलं की पहिल्या तिघांची बोहनी त्या वेळेपर्यंत झालेली नसायची. बोहनीआधी वसुलीचं नाव काढायचं नाही, दिवेलागण झाल्यावर पैसे मागायचे नाहीत. मधल्या वेळेतही एक घड्याळ होतं. संध्याकाळी पाचच्या सुमारास पतसंस्थेचा पिग्मी एजंट पेठेत यायचा आणि गल्ल्यातली मोकळी रक्कम घेऊन जायचा. त्याच्या आधी पोचलात तर पेमेंट, नंतर पोचलात तर "उद्या या". अण्णांची संपूर्ण दुपार त्या एका माणसाच्या वेळेभोवती आखलेली होती, आणि हे त्यांनी मला एकदाही तोंडाने सांगितलं नाही.

एका दुकानात बिस्किटांची ऑर्डर मुलगा द्यायचा आणि तेल-साबणाची वडील. वडिलांसमोर मुलाला विचारलं की दोन्ही ऑर्डरी जायच्या. दुसऱ्या एका दुकानाला लागून पिठाची गिरणी होती. दळण होईपर्यंत बायका तिथे बोलत बसायच्या, आणि गल्ल्यावरच्या मामींना आख्ख्या आळीत कुठला धुण्याचा साबण हाताला झोंबतो म्हणतात ते ठाऊक असायचं. अण्णा मामींकडे ऑर्डर कमी आणि बातम्या जास्त घ्यायचे. पालखी यायच्या आधी दोन आठवडे त्यांची पिशवी बदलायची. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी सासवड, जेजुरी, वाल्हे करत लोणंदला येते, पुढे तरडगाव, फलटण, बरड. या पट्ट्यातल्या दुकानदारांना अण्णा पाच रुपयांचे पुडे, काडेपेट्या, कापूर, उदबत्ती भरायला लावायचे, आणि मोठे पॅक स्वतःहून कमी करायचे. वारकरी खांद्यावरचं ओझं वाढवत नाही, एवढंच एक वाक्य त्यांनी त्या १५ दिवसांत मला समजावून सांगितलं.

मायकेल पोलान्यी नावाच्या विचारवंताने १९६०च्या दशकात मांडलं होतं की माणसाला जेवढं येतं तेवढं त्याला सांगता येत नाही. अण्णांच्या मागे बसून मला ते पटलं. विचारलं की ते "बघत राहा" म्हणायचे. त्यात लपवाछपवी नव्हती. हातातली कला शब्दांत मांडायची त्यांना सवयच नव्हती. म्हणून मीटिंगमध्ये उभं करून "सांग" म्हणणं हीच मुळात चुकीची रीत आहे. चार दिवस मागच्या सीटवर बसल्याशिवाय ही विद्या एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही.

पण सगळंच काही असं अबोल नसतं. बरंच काही एका वाक्यात सांगण्यासारखं असतं आणि तरी सांगितलं जात नाही. त्याची किंमत किती मोठी असते, हे मला ऊसतोडीच्या एका हंगामात कळलं.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्यामागे मुकादमाकडून उचल घेतलेली. निघण्याआधी गावातल्या दुकानाची जुनी उधारी फिटते, वाटेला लागणारा किराणा भरला जातो आणि मग गावंच्या गावं रिकामी होतात. बीडकडच्या सेल्समनला हे चक्र पाठ असतं. उचल वाटली की दुकानं भरायची, दिवाळी सरली की काही गावं महिन्यातून एकदा केली तरी चालतात. हीच माणसं पुढचे पाच-सहा महिने सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या कारखान्यांच्या तळांवर कोप्या घालून राहतात. तिथल्या सेल्समनला एवढंच दिसतं की अमुक दुकानाचा खप अचानक वाढला.

मी सातारा भागात होतो तेव्हा तळाजवळचा एक दुकानदार दर आठवड्याला मला चहाच्या एका लहान पुड्याबद्दल विचारायचा. आमच्याकडे तो पुडा चालत नाही म्हणून एजन्सीत ठेवतच नव्हतो. दोन महिने मी त्याला नाही म्हणालो. गाळप संपत आलं तेव्हा पुण्यात कंपनीची वार्षिक बैठक झाली. जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे बीडकडचा एक सेल्समन उभा होता. बोलता बोलता कळलं की तोच पुडा त्याच्याकडे सगळ्यांत जास्त जातो. घरचा चहा माणसं दोनशे मैलांवर येऊनही बदलत नव्हती. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. तळावरच्या दुकानात उधारी कामगाराच्या नावावर नसते, मुकादमाच्या नावावर असते, त्यामुळे वसुलीला जाण्याआधी कारखान्यातून मुकादमाच्या हातात पैसे कधी येतात ते विचारून ठेवायचं. ताट हातात घेऊन पाच मिनिटं बोललो असू. त्या पाच मिनिटांनी पुढची तीन वर्षं माझा हंगाम बदलून टाकला.

निघताना मी त्याला विचारलं, हे तुमच्याच तालुक्यातल्या दुसऱ्या सेल्समनला माहीत आहे का? तो म्हणाला, "त्याला कशाला सांगू?"

माझा आकडा वाढल्याने त्याचं काहीच जाणार नव्हतं. शेजारच्या लाइनवाल्याचा वाढला असता तर हा यादीत खाली गेला असता. तोच माणूस, तेच ज्ञान. मला भरभरून दिलं आणि रोज भेटणाऱ्या सहकाऱ्याला दिलं नाही. मग हा कोतेपणा म्हणायचा कसा? तो हिशेब होता आणि हिशेब बरोबर होता.

हा हिशेब जरा उलगडून बघू. समजा, एका मुलाची लाइन महिन्याला ३ लाखांची आहे. त्याने खटपट करून एक आश्रमशाळा, दोन मेस आणि हायवेवरचे चार ढाबे शोधले आणि विक्री ३ लाख ४० हजारांवर नेली. त्या वर्षी त्याला इन्सेंटिव्ह मिळतो. पुढच्या वर्षी टार्गेट ठरतं ते या ३ लाख ४० हजारांवर आणखी टक्के चढवून. म्हणजे शोध त्याने लावला आणि तोच शोध त्याच्या पाठीवर बसला. शेजारी जुन्या ३ लाखांवर निवांत आहे. आता याने ढाब्यांची युक्ती शेजाऱ्याला सांगितली तर शेजाऱ्याची टक्केवारी याच्यापेक्षा चांगली दिसणार, परदेश सहलीला शेजारी जाणार, आणि यादीत शेवटी कोण, याची चर्चा पुढच्या मीटिंगमध्ये याच्याकडे बघत होणार. म्हणूनच अनुभवी सेल्समन टार्गेट पूर्ण झालं की महिनाअखेरीच्या दोन-चार ऑर्डरी खिशात ठेवतो आणि पुढच्या एक तारखेला बिल मारतो. तो माहिती लपवतो तशी विक्रीसुद्धा लपवतो. कंपनीने त्याला हेच शिकवलं आहे.

याहून वाईट म्हणजे लाइन तुटणं. एकदा औद्योगिक वसाहतीला लागून एक नवी वस्ती उठत होती. मी तिथली ४० दुकानं पायी फिरून लिहून काढली, कुणाकडे फ्रीज आहे, कुणाकडे जागा आहे, कोण रोखीने घेतं, सगळं. मोठ्या उत्साहाने ती वही मी वरिष्ठांना दाखवली. तीन महिन्यांत तो भाग माझ्या लाइनमधून काढून दुसऱ्या एजन्सीला दिला गेला, आणि माझं टार्गेट होतं तेवढंच राहिलं. वहीची झेरॉक्स त्यांच्याकडे होती. त्यानंतर कित्येक वर्षं मी कुणालाही काही लिहून दिलं नाही.

आपल्याकडे एक समजूत आहे की औषध सांगितलं की त्याचा गुण जातो. काविळीचं, मुतखड्याचं झाडपाल्याचं औषध देणारी माणसं गावोगाव असायची. मुळी देतील, पण झाडाचं नाव सांगणार नाहीत. पुष्कळदा मरताना मुलालासुद्धा सांगत नसत. गाण्याच्या घराण्यांतही खास बंदिशी राखून ठेवायची रीत होती. मुलीच्या लग्नात बंदिशी हुंडा म्हणून दिल्याच्या कथा सांगतात. यांना अडाणी म्हणणं सोपं आहे. त्या वैदूजवळ शेत नव्हतं, पेन्शन नव्हतं, त्या मुळीशिवाय गावात त्याला किंमत नव्हती. गवयाचं पोट दरबारावर होतं आणि दरबारात जागा मोजक्याच होत्या. ज्ञान हीच ज्याची एकमेव जमीन आहे, तो तिच्यावर कुंपण घालणारच.

पंडित विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील. हिंदुस्थानभर फिरून त्यांनी घराण्यांमधल्या बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि पुस्तकांत छापल्या. त्यामुळे घराणी बुडाली का? छापील बंदिश समोर ठेवून कुणी उस्ताद झाला नाही. ती चीज मांडायची कशी, यासाठी शागिर्दाला गुरूसमोर बसावंच लागलं. उलट जे छापलं गेलं नाही त्यातलं कितीतरी गवयांबरोबर गेलं. ज्यांना भीती वाटते की सगळं सांगून टाकलं तर माझी किंमत काय राहील, त्यांना मी हे उदाहरण देतो. पिग्मी एजंटची वेळ मी उद्या सगळ्यांना सांगितली तरी मामींनी माझ्याशी ज्या विश्वासाने बोलायचं त्या विश्वासाची प्रत काढता येत नाही.

मात्र एक भाग असा आहे जिथे मी सेल्समनचीही बाजू घेत नाही. कुठला दुकानदार बुडायला आला आहे, ही खबर दाबून ठेवणं पाप आहे. आमच्या पेठेत एक जुनं दुकान बसलं, त्याआधी दोन महिने एका मुलाला ते कळलं होतं. त्याने आपली वसुली हळूहळू काढून घेतली आणि गप्प राहिला. बाकीच्या दोघांनी त्याच आठवड्यात तिथे मोठा माल उतरवला. एकाच्या पगारातून पुढचं वर्षभर पैसे कापले गेले. त्याच्या घरी तेव्हा लहान मूल होतं. दुसरी गोष्ट मुलींची. आता विक्रीत मुली येतात, सौंदर्यप्रसाधनांच्या आणि घरोघरच्या विक्रीत तर मोठ्या संख्येने. कुठल्या दुकानात मागच्या गोदामात एकटीने जायचं नाही, कोण माल बघायच्या निमित्ताने अंगचटीला येतो, हे जुन्या मुलीने नव्या मुलीला पहिल्या दिवशी सांगायला हवं, आणि माझ्या अनुभवात त्या सांगतातही. पुरुष सहकाऱ्यांना हे माहीत असतं आणि ते बोलत नाहीत. इथे टार्गेटचा कागद आड येत नाही. आड येतो तो संकोच.

आणि सगळीच युक्ती वाटण्याच्या लायकीची नसते. "नाही खपलं तर परत घेतो" असं सांगून महिनाअखेर माल दुकानात ओतायचा. बिल एका दुकानाच्या नावावर फाडायचं आणि पेट्या होलसेलवाल्याकडे कमी भावात टाकायच्या. हे प्रकार मोठ्या आकड्यांमागे असतात. २०१७ साली जीएसटी आला तेव्हापासून न घेतलेल्या मालाचं बिल दुकानदाराच्या खात्यात जाऊन बसतं आणि त्याचा सीए त्याला विचारतो की हे कधी घेतलंत? त्या दिवसापासून ते काउंटर आपल्या हातातून गेलं समजा. म्हणून एकमेकांना सांगण्याचा आग्रह मला आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. जो मुलगा आपली रीत चौघांत बोलू शकत नाही त्याच्या आकड्याकडे नीट बघायला हवं. साहेब लोक आकडा बघून टाळ्या वाजवतात, रीत विचारत नाहीत, आणि ज्याने प्रामाणिकपणे १० टक्के वाढवले तो पेट्यांवर बसून त्या टाळ्या ऐकतो.

कंपन्यांचा यावरचा उपाय म्हणजे मोबाइलमधलं अॅप. दुकानाच्या दारात उभं राहिल्याशिवाय ऑर्डर घेता येत नाही, कुठे किती मिनिटं थांबलात ते वर दिसतं. आकडे त्यातून भरपूर मिळतात हे मी मान्य करतो. गेल्या तीन वर्षांत अमुक दुकानाने किती साबण घेतला हे पूर्वी कुणाला सांगता यायचं नाही, आता चुटकीसरशी दिसतं. पण ऑर्डर मिळाली नाही तर कारण निवडायला एक यादी येते: दुकान बंद, मालक नाही, माल शिल्लक आहे. मुलगा घाईत पहिलं जे दिसेल ते दाबतो. आमच्याच भागात एक चांगलं दुकान होतं, महिनोन्‌महिने त्याच्यापुढे "माल शिल्लक आहे" असं येत होतं. त्याच्या काचेमागे आमचा एकही पुडा नव्हता. तो माल का घेत नाही, हे त्या यादीत कुठेच बसत नव्हतं. आणि सेल्समनच्या मनात आणखी एक धास्ती असते, ती खोटी नाही. सगळं अॅपमध्ये भरून झालं की उद्या निम्म्या पगारावर नवा मुलगा ठेवतील.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे, मी आता त्याच बाजूला बसतो. ते म्हणतात, पगार आम्ही दिला, पेट्रोल आम्ही घातलं, दुकानदाराची ओळख आमच्या मालामुळे झाली. मग ही माहिती त्याची एकट्याची कशी? आणि शिकून सवरून तो समोरच्या कंपनीत जातो. यातलं अर्धं बरोबर आहे. दुकानांची यादी, भाव, स्कीम, कुणाला किती उधारी, हे एजन्सीचं आहे. ते घेऊन दुसरीकडे जाणं चोरीच आहे. पण माणसं ओळखण्याची नजर, बोलायची वेळ कळणं, हे ज्याचं त्याचं. आपल्या कायद्याचाही रोख साधारण असाच आहे. १८७२च्या करार कायद्यातलं २७वं कलम सांगतं की कुणालाही आपला धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द. कल्याणजवळच्या रेयॉन कारखान्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने बंधन मान्य केलं, पण ते नोकरीच्या कराराच्या मुदतीपुरतं. आयुष्यभर माणसाचे हात बांधून ठेवता येत नाहीत. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींसाठी १९७६ साली सेवाशर्तींचा वेगळा कायदा झाला, त्यामागे त्यांच्या संघटनांचा रेटा होता. एजन्सीच्या किराणा सेल्समनला असा आवाज नाही. पुष्कळ ठिकाणी त्याला नेमणुकीचं पत्रसुद्धा मिळत नाही. ज्याला आपण कागदावर आपला मानत नाही, त्याच्याकडून डोक्यातलं सगळं मागायचं, हे कुठल्या तोंडाने?

झेरॉक्स कंपनीत १९९०च्या दशकात एक प्रयोग झाला. मशीन दुरुस्त करणारे तंत्रज्ञ ज्या क्लृप्त्या एकमेकांना कॉफी पिताना सांगायचे, त्या एका ठिकाणी नोंदवायची सोय केली गेली. सुरुवात फ्रान्समध्ये झाली. क्लृप्ती खरी आहे का, ते दुसरे जाणकार तंत्रज्ञ तपासायचे आणि मगच ती सगळ्यांसाठी खुली व्हायची. ज्याने शोधली त्याचं नाव तिच्याबरोबर राहायचं. ही मेकॅनिक मंडळी होती, विक्रीची शर्यत त्यांच्यात नव्हती, त्यामुळे त्यांना जे जमलं ते आम्हाला तसंच जमेल असं मी म्हणत नाही. पण नाव राहण्याची गोष्ट मला फार मोलाची वाटते. आमच्याकडे सेल्समनने सांगितलेली युक्ती आठवड्याभरात साहेबांच्या सादरीकरणात साहेबांची होते.

आमच्या एजन्सीत गेल्या दीड वर्षात आम्ही काही बदल केले. मालकांना पटवायला मला सहा महिने लागले. इन्सेंटिव्ह अर्धा ज्याचा त्याचा आणि अर्धा चौघांच्या गटाचा केला. पूर्ण गटाचा केला असता तर कामचुकाराचं फावलं असतं. चौघांत कोण राबतो आणि कोण टपरीवर बसतो ते लपत नाही, म्हणून गट लहान ठेवला. कुणी नवं गिऱ्हाईक शोधलं तर दोन वर्षं ती विक्री त्याच्या टार्गेटमध्ये मिळवायची नाही. कंपनीने हे मानलं नाही, त्यांचं टार्गेट जसंच्या तसं आलं. एजन्सी आपल्या हिश्शाच्या इन्सेंटिव्हपुरतं ते पाळते आणि त्याचा भार मालक सोसतात. महिन्यातून दोन दिवस प्रत्येकाने दुसऱ्याच्या लाइनवर मागे बसून जायचं, त्या दिवसाचा आकडा विचारायचा नाही. नोकरी सोडून जाणाऱ्याने नव्या मुलाबरोबर १२ दिवस फिरायचं आणि त्याचे वेगळे पैसे घ्यायचे. या शेवटच्या गोष्टीवर सगळ्यांत जास्त वाद झाला. सोडून जाणाऱ्याला वर पैसे कशाला, असं मालक म्हणत होते. मी म्हणालो, त्याच्याजवळ जे आहे ते तुम्ही विकत घेताय, भीक मागत नाही.

विक्री किती वाढली ते मी इथे सांगणार नाही. दीड वर्षात पाऊस, भाव, स्कीम सगळंच बदललं, त्यातलं या बदलांमुळे किती, हे प्रामाणिकपणे वेगळं काढता येत नाही. दोघं जण तरीही सोडून गेले. एक जुना सेल्समन आजही काही बोलत नाही आणि मी त्याला बोलायला लावत नाही. त्याने आधीच्या नोकरीत काय भोगलंय ते मला माहीत आहे.

शनिवारी संध्याकाळी वसुलीचा हिशेब झाला की आम्ही अर्धा तास बसतो. कंपनीचं कुणी नसतं. पहिले तीन शनिवार मुलं मोबाइल बघत बसली. चौथ्या शनिवारी, आमच्याकडे सगळ्यांत मोठा आकडा काढणारा मुलगा एकदम म्हणाला, "त्या 'माल शिल्लक आहे'वाल्या दुकानाचं मला माहीत आहे." दोन वर्षांपूर्वीच्या सेल्समनने त्या दुकानदाराकडून पावसात भिजलेल्या तीन पेट्या परत घेतल्या होत्या आणि त्याचे पैसे त्याच्या खात्यात कधीच जमा झाले नव्हते. लाइन आता याची नव्हती, गटातल्या दुसऱ्या मुलाची होती. रजिस्टर काढलं, तारीख सापडली, रक्कम होती २,१६० रुपये. सोमवारी तो दुसरा मुलगा क्रेडिट नोट घेऊन गेला. दुकानदाराने ती दोनदा वाचली, गल्ल्यात ठेवली, ऑर्डर काही दिली नाही, पण पोराला चहा सांगितला.